डबा तोच, दम नवा!

घरातला जुना डेस्कटॉप सुरू होईस्तोवर चहा होतो, पिऊन होतो आणि कप विसळूनही होतो. म्हणून तो थेट भंगारात काढायचा? जरा थांबा, राव. म्हातारा झालाय तो त्याच्या पोटातला एकच पार्ट. तो बदला, मग बघा गंमत!

तो तुमच्याही घरी असणार, पैज लावते. हॉलच्या कोपऱ्यात, नाहीतर आईबाबांच्या खोलीत खिडकीखाली. सरकत्या कीबोर्ड ट्रेचं ते टिपिकल कॉम्प्युटर टेबल, मॉनिटरवर धूळ बसू नये म्हणून टाकलेला रुमाल आणि खाली पायाशी तो काळा डबा. पुस्तकात त्याला कॅबिनेट म्हणतात, पण अख्खा महाराष्ट्र त्याला 'सीपीयू' म्हणतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'प्रोजेक्टसाठी हवाच' असं घरी पटवून घेतलेला. प्रत्यक्षात प्रोजेक्ट कमी आणि काउंटर स्ट्राइक जास्त! मग नोकरी लागली, ऑफिसने लॅपटॉप दिला आणि डबा घरच्यांच्या वाट्याला आला.

आज त्यावर लाइट बिल भरलं जातं, सोसायटीचे हिशोब होतात, चुलतभावाच्या प्रवेशाचे फॉर्म भरले जातात. गेल्या दहा-बारा वर्षांचे फोटोही त्यातच. बटण दाबलं की स्क्रीनवर ते ठिपके गोल गोल फिरत बसतात. कोणीतरी फोनवर म्हणतं, 'जरा थांबा हं, आमचा कॉम्प्युटर उघडतोय.' हे 'जरा' चार-पाच मिनिटांचं असतं.

मग सल्ला ठरलेला. 'आता नवीनच घे.' शोरूमवाला ईएमआयचा तक्ता पुढे सरकवतो आणि आपण सहीसाठी पेन काढतो. माझं म्हणणं एवढंच, की सही करण्याआधी एक काम करा. नेमकं काय बिघडलंय ते बघा. बऱ्याचदा उत्तर एका शब्दात मिळतं: डिस्क.

गुन्हेगार कोण?

पीसी स्लो झाला की आपला पहिला संशय प्रोसेसरवर, दुसरा व्हायरसवर. पुरावा हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा. पीसी नुकताच सुरू झालेला असेल, तर सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत पाय पसरून बसलेला दिसेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर घामाघूम! हे चित्र दिसलं, तर केस तिथेच सुटली.

असं का होतं? हार्ड डिस्क ही मुळात फिरती वस्तू आहे. आत गुळगुळीत चकत्या असतात, त्या डेस्कटॉपमध्ये साधारण मिनिटाला ७२०० फेरे मारतात. त्यावर एक बारीक हात पुढेमागे सरकत माहिती वाचतो. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. तेव्हापासून चकत्या लहान झाल्या, क्षमता अफाट वाढली. पण 'फिरा आणि शोधा' हे तत्त्व तेच राहिलं.

आता जरा हिशोब करू. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी हात योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याचा अर्थ डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर ठिकाणांहूनच माहिती उचलू शकते.

एकच मोठा सिनेमा कॉपी करायचा असेल, तर काही बिघडत नाही. माहिती सलग असते, हात एका जागी बसून वाचत जातो, सेकंदाला शंभर-दीडशे एमबी सहज मिळतात. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली लागतात आणि त्या चकतीभर विखुरलेल्या असतात. चार केबीचा एक तुकडा इथे, दुसरा तिथे. अशा वेळी तीच डिस्क सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा देऊ शकत नाही. त्यातच अँटिव्हायरस, अपडेट, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळे एकदम रांगेत घुसतात. तहसील कचेरीत एकच शिपाई आणि दाखल्यांसाठी दोनशे माणसं, असा सीन.

आणि प्रोसेसर? तो बिचारा वाट बघतोय. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका एक सेकंदाचा आहे असं धरा. त्या हिशोबाने हार्ड डिस्ककडे मागितलेली फाइल त्याच्या हातात पडायला वर्षाहून जास्त काळ लागतो! एसएसडीकडून तेच काम तीन-साडेतीन दिवसांत होतं. आता सांगा, म्हातारं कोण झालंय?

झटक्यात पुसणारी मेमरी

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. नाव भारदस्त असलं तरी आत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. असतात त्या फ्लॅश मेमरीच्या चिप, तुमच्या मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये असतात त्याच कुळातल्या. प्रत्येक बारीक कप्प्यात विजेचा भार अडकवून ठेवायचा आणि तो किती आहे त्यावरून माहिती ओळखायची. वीज गेली तरी भार अडकलेलाच राहतो.

याचं श्रेय जातं जपानच्या फुजिओ मासुओका यांना. तोशिबा कंपनीत काम करताना त्यांनी १९८४मध्ये ही मेमरी जगासमोर मांडली आणि १९८७मध्ये तिचा नँड हा प्रकार. आजच्या एसएसडीत असतो तो हाच. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. माहितीचा मोठा ठोकळा एका झटक्यात पुसला जाताना बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणे!

पण आपल्यासारख्यांच्या हाती ती यायला वेळ लागला. इंटेलने २००८ साली ८० जीबीची एसएसडी काढली, तेव्हा हजार नग घाऊक घेणाऱ्यालाही एक नग ५९५ डॉलरला पडत होता. तेवढ्या पैशात तेव्हा अख्खा पीसी आला असता. पुढच्या दहा-बारा वर्षांत किमती धडाधड खाली आल्या आणि हा श्रीमंतांचा शौक मध्यमवर्गाच्या खिशात बसू लागला. एक मात्र सांगून ठेवते: २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप ओढायला सुरुवात केली आणि भाव पुन्हा चढले. तेव्हा जुन्या लेखातला किंवा मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेला भाव डोक्यात धरून बाजारात जाऊ नका. तरीही नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च लहानच.

माझा पेशंट

आमचा डबा २०१२चा, डोंबिवलीच्या घरातला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्या काळात असेंबल करून घेतलेले निम्मे पीसी असेच असायचे. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यामुळे मेंटेनन्सचे हिशोब, नोटिसा, सभेची इतिवृत्तं, सगळं त्याच्या पोटात.

मुहूर्तही असा, की विंडोज १०चा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ला आणि त्याच आठवड्यात दिवाळीची साफसफाई निघाली. आई म्हणाली, 'तो डबा एकदाचा द्या कोणाला तरी. अर्धं टेबल अडवून बसलाय.' बाबा काही बोलले नाहीत. फक्त खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

मी आधी डिस्कची तब्येत तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंदवही वाचून दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. आमच्याकडे पिवळा आला. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य असायला हवं, तिथे आकडा होता. सोप्या मराठीत, डिस्कवरच्या काही जागा आता वाचताना अडखळत होत्या. पीसी 'स्लो' वाटत होता त्यातला काही भाग म्हणजे ही धडपड. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती.

'म्हणजे गेली का गं?' बाबांनी विचारलं.

'गेली नाही, बाबा. पण निघालीये.'

'आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो यातच आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत.'

आणि इथे या सगळ्या प्रकरणाचा सूरच बदलला. तोपर्यंत प्रश्न स्पीडचा होता. आता प्रश्न होता आजीचा. आजी २०१९मध्ये गेली. पंच्याहत्तरीचे फोटो ज्या कॅमेऱ्याने काढले तो कधीच बंद पडला, आणि त्याचं कार्ड कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही.

अशा वेळी पहिला नियम: डिस्कला जास्त पळवू नका. आधी जे दुसरीकडे कुठेच नाही ते उचला. फोटो, मग हिशोब, मग बाकीचं. डिस्क दुरुस्त करतो म्हणणारे प्रोग्रॅम नंतर चालवा, कारण ते अख्खी डिस्क खणतात आणि खणता खणता ती कायमची झोपू शकते. आम्ही एक्स्टर्नल डिस्क लावली आणि पहिलं फोल्डर ओढलं: 'आजी ७५'. मधे दोनदा कॉपी अडकली. हिरवी पट्टी जागच्या जागी थांबली, डब्यातून टक... टक... असा आवाज आला. बाबा पट्टीकडे बघत होते, आई दिवाळीचं काम सोडून दारात उभी होती. आजी खोलीभर पसरली होती म्हणा ना! पट्टी पुन्हा हलली. चारशे बारा फोटोंपैकी चारशे अकरा आले. एक आला नाही. तो कोणता होता, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून सांगते, एसएसडी टाकायचं निमित्त करून डिस्क तपासा. स्पीड हा बोनस समजा.

आणखी एक खास आपल्या मराठी घरांतली गोष्ट. बाबांच्या जुन्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. नुसत्या वर्डच्या फाइली कॉपी केल्या आणि फॉन्ट मागेच राहिला, तर नव्या ठिकाणी 'सर्वसाधारण सभा' उघडेल ती इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी! तेव्हा विंडोजच्या फॉन्ट फोल्डरचीही एक कॉपी घ्या.

लॅमिंग्टन रोडवर

मुंबईत कॉम्प्युटरचा पार्ट म्हटलं की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांसाठी लॅमिंग्टनच. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. पहिल्याच दुकानात सल्ला मिळाला, 'मॅडम, इतने पुराने में पैसा मत डालो, नया ले लो.' दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र विचारलं, 'बोर्ड कुठला आहे?' काउंटरवर हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की समजावं, योग्य ठिकाणी आलो.

कारण बोर्डावरच सगळं अवलंबून आहे. एसएसडीचे ढोबळ दोन प्रकार. एक, अडीच इंची चपटी डबी, साटा केबलने जोडायची. दुसरी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-टू, बोर्डावरच्या खाचेत बसणारी. हिची वेगवान जात म्हणजे एनव्हीएमई. तिचा पहिला आराखडाच २०११ साली आला. त्यामुळे २०१२च्या बोर्डावर ती खाच नसतेच. कार्ड लावून एनव्हीएमई जोडता येते, पण असे जुने बोर्ड तिच्यावरून सहसा सुरूच होत नाहीत. म्हणजे आपल्या डब्यासाठी साटा. विषय संपला.

आता साटातही पिढ्या आहेत. २००९च्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास मिळतात. आमच्या एच-६१ बोर्डाला मात्र दुसऱ्या पिढीचीच पोर्ट, म्हणजे त्याच्या निम्मा वेग. मग पैसे वाया? अजिबात नाही! मघाचा हिशोब आठवा. आपल्याला त्रास होत होता तो विखुरलेल्या छोट्या फाइलींचा. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या घरात तुकडे देते. एसएसडी एकेक करून मागितले तरी हजारो देते. त्यासाठी जुनं पोर्टही पुरून उरतं. फरक कळतो तो फक्त मोठाली फाइल कॉपी करताना. याचा दुसरा अर्थ असा, की सर्वांत महागडी, चकचकीत एसएसडी घेऊन जुन्या बोर्डाला काहीच उपयोग नाही. नामवंत कंपनीची साधी साटा एसएसडी घ्या, बिल घ्या, वॉरंटी तपासा.

किती जीबी? नुसती सिस्टीम आणि कागदपत्रं असतील तर २५० पुरते. फोटोही तिथेच ठेवायचे असतील तर ५०० घ्या. एसएसडी काठोकाठ भरली की ती मंदावते, म्हणून थोडी जागा मोकळी हवीच.

आणि ऑनलाइन दिसणारी ती 'फक्त इतक्या रुपयांत २ टीबी' वाली ऑफर? लांबूनच नमस्कार करा. अशा कित्येक डब्यांच्या आत छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघालंय. ते पीसीला २ टीबी असल्याची थाप मारतं आणि खरी जागा संपली की तुमचे फोटो गायब करत जातं.

ऑपरेशन थिएटर

डबा उघडण्याची भीती बाळगू नका. लागतो एक स्टार पाना, चांगला उजेड आणि अर्धा-पाऊण तास. आधी मेन स्विच बंद, वायर काढलेली. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल. धूळ मऊ ब्रशने झटका, पंखा बोटाने धरून.

एसएसडीला दोन केबल लागतात: बोर्डाकडून येणारी माहितीची आणि एसएमपीएसकडून येणारी विजेची. अडीच इंची डबी साडेतीन इंची कप्प्यात बसवायला पत्र्याची पट्टी मिळते. नाही मिळाली तरी हरकत नाही. आत हलणारं काही नसल्यामुळे डबी दुहेरी चिकटपट्टीने आतल्या पत्र्याला चिकटवली तरी ती रुसत नाही.

बोर्डावर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल दिसेल, सीआर २०३२ नावाचा. डबा दहा वर्षांचा असेल तर तोही बदला. हा सेल संपला की पीसी तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की बँकेची वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून हटून बसते. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात आणि दोष असतो त्या नाण्याएवढ्या सेलचा!

सेल बदलल्यावर बायोसमध्ये जा आणि साटाचा मोड 'एएचसीआय' आहे ना, ते बघा. जुन्या बोर्डांवर तो कधी कधी 'आयडीई'वर असतो. विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधीच एएचसीआय करा. जुनी विंडोज आयडीईवर टाकलेली असेल आणि मोड तसाच एकदम बदललात, तर निळी स्क्रीन भेटीला येते.

आता मोठा प्रश्न: जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची, की सगळं नव्याने टाकायचं? डिस्क ठणठणीत असेल तर क्लोनिंग सोपं. क्लोनझिलासारखं फुकट साधन आहे. पण एक मेख लक्षात ठेवा: नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते अडून बसतं. म्हणजे ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ४८० जीबीची एसएसडी, झाला घोळ! आमच्यासारखी डिस्क आजारी असेल तर क्लोनिंगच्या फंदात न पडता नव्याने टाकणं बरं. बारा वर्षांचा कचराही मागे राहतो. विंडोज १०चं लायसन्स आधी डिजिटल पद्धतीने चालू झालेलं असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही.

इन्स्टॉल करताना फक्त एसएसडीच जोडलेली ठेवा. जुनी डिस्कही लावून ठेवली, तर सिस्टीम सुरू करणारा छोटा भाग कधी कधी तिच्यावरच जाऊन बसतो. पुढे ती काढली, की नवा पीसी उठतच नाही.

मग काय झालं?

मी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली होती. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून पान दिसेपर्यंत. आधी चार मिनिटं दहा सेकंद, नंतर बत्तीस सेकंद. सोबत जुन्या बाजारातून ४ जीबी रॅमची कांडी घेऊन एकूण ८ केली. रॅम कमी असली की पीसी तात्पुरती माहिती डिस्कवर ओतत राहतो, म्हणून ही जोडी एकत्रच करावी.

बाबांनी एक्सेल उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग मला म्हणाले, 'अगं, हे आधीच का नाही केलं?' मी काय सांगणार!

पण जादूची कांडी समजू नका. एसएसडीने इंटरनेट वेगवान होत नाही. प्रोसेसर तोच राहतो, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंगला पूर्वीइतकाच वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवांत आणि सीपीयूच शंभर टक्क्यांवर असेल, तर हा उपाय तुमच्या दुखण्यावरचा नाही. मग नवा पीसी खुशाल घ्या.

'एसएसडी लवकर झिजते' ही भीतीही ऐकली असेल. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो, हे खरं. पण ५०० जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीला कंपन्या ३०० टीबी लिहिण्याची हमी देतात. तुम्ही रोज २० जीबी लिहिलेत तरी ते संपायला एकेचाळीस वर्षं लागतील. तोवर आपणच रिटायर! फक्त जुन्या सवयीने डीफ्रॅग करू नका. त्याने एसएसडीला फायदा शून्य, झीज तेवढी वाढते.

विंडोजचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७नंतरचा प्रोसेसर. आमचा २०१२चा डबा त्या यादीतच नाही. एसएसडीने तो धावेल, पण यादीत जाणार नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १०ला एका वर्षाचे सुरक्षा अपडेट जाहीर झाले होते, तेही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचेच. सुरक्षा अपडेट नसलेल्या पीसीवर बँकिंग म्हणजे रात्री दार उघडं टाकून झोपणं.

आम्ही मधला मार्ग काढला. एसएसडीचे दोन भाग केले. एकावर लिनक्स मिंट: फुकट, अपडेट चालू, दिसायला विंडोजसारखं. इंटरनेट, बिलं, बँक, सगळं त्यावर. त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये बाबांच्या एक्सेलच्या शीट व्यवस्थित उघडतात. दुसऱ्या भागात विंडोज १०, फक्त जुन्या फॉन्टमधल्या नोटिसांसाठी, आणि तिथे इंटरनेट बंद. टॅलीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नव्हे, हे आधीच ओळखा.

आणि जुनी डिस्क?

फेकू नका आणि विकूही नका. त्यात तुमच्या पॅन कार्डाच्या कॉपीपासून पासवर्डपर्यंत सगळं आहे. चालू असेल तर पूर्ण पुसून घ्या, आजारी असेल तर चकतीत ड्रिलने भोक पाडा. मग ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुन्या वस्तूंच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. एसएसडी म्हणजे बॅकअप नव्हे. हार्ड डिस्क मरताना निदान टकटक करून निरोप देते. एसएसडी बहुतेक वेळा न बोलता जाते, काल होती, आज नाही. शिवाय ती विजेविना कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली, तर अडकवलेला भार हळूहळू गळतो. तेव्हा फोटोंची एक कॉपी पीसीत, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो की बहिणीकडे.

तर मंडळी, या वीकएण्डला मल्टिप्लेक्सचा बेत थोडा पुढे ढकला. तीन बटणं दाबा, टास्क मॅनेजर उघडा, डिस्कचा रंग बघा. निळा असेल तर एसएसडी सावकाश, भाव बघून घ्या. पिवळा असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी फोटो कॉपी करायला लागा. नवीन पीसी कधीही मिळतो!